किसनराव, जेवाले या!

लग्न होऊन आदिलाबादला आले त्या दिवशीची गोष्ट. मी बैलगाडीतून ट्रंक उतरवून घेत होते, तेवढ्यात ज्या घरात आम्ही राहायला आलो होतो त्याच घराच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. उंच, हाडकुळी, कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हात तोंडाशी नेले, गल्लीच्या टोकाकडे तोंड केलं आणि अशी काही हाक मारली की बैल दचकले.

"किसनराव! ओ किसनराव! जेवाले या! भाकर थंडी होऊन राह्यली!"

मला वाटलं, असेल कोणी भाऊ-दीर. पुरुषमाणूस येतोय म्हणून मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भिंतीला चिकटून उभी राहिले. कोणी आलं नाही. मग आमच्या ह्यांना हळूच विचारलं, "किसनराव कोण हो?"

"तिचा नवरा," हे म्हणाले.

मी चाटच पडले. आमच्या नार्नूरकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे लग्नात, उखाण्यात, तेही चार बायकांनी चिमटे काढल्यावर. आणि ही बाई भर रस्त्यात, भर दुपारी, गुरं हाकलावीत तशी नवऱ्याला नावानं बोलावते!

"मग ते येत का नाहीत?"

"वारलेत ते. ती ट्रंक इकडे दे."

अशी आमच्या घरमालकिणीची आणि माझी पहिली भेट. नाव तिला होतंच, पण ते मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. घर तिचं, मागच्या दोन खोल्या आमच्या. आमचे हे मराठी शाळेत मास्तर. मावशीनं खोली देताना ह्यांना एकच विचारलं होतं म्हणे, "बायको येईन ती बरी खाते का?" अजून लग्नच झालं नव्हतं, ह्यांना काय ठाऊक! तरी हो म्हणाले आणि खोली मिळाली.

तर ती हाक. एका दिवसाची नव्हती, रोजची होती. आपल्याकडे पितृपक्षात एखाद्याला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात, वर्षातून एकदा. मावशी रोज घालायची. हाक मारून झाली की दारातच उभी राहायची, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांत किसनरावांना ओळखणारं कोणी दिसलं की त्याचा हात धरून आत आणायची. पाट मांडलेला असायचा, ताट वाढलेलं असायचं. जवारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरण, कांदा. "बसा किसनराव," म्हणायची. तो कोणी का असेना, हात धुऊन उठेपर्यंत तो किसनराव.

आणि नुसतं जेवणं नव्हतं बरं का. बोलणी पण खायची.

"काल पुन्हा चपला उंबऱ्यातच सोडल्या. मी पडली असती तं? हाडं मोडली असती तं कोनं पाह्यलं असतं?"

हे कोणाला, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या शेटजीला. तेलुगू माणूस, पोट सुटलेलं, कानात मोती. तो मान खाली घालून घास गिळत म्हणायचा, "सरे अम्मा, सरे." म्हणजे बरं बाई, बरं. सगळ्यांना सवय झाली होती. एकदा शेटजी चुकून बोलून गेला की भाजीत मीठ जरा कमी वाटतं. मावशी पळी घेऊन उभीच राहिली. "जलमभर मीठ कमी, मीठ कमी! आता मेल्यावर बी तेच का?" शेटजी बिचारा वरून मीठ न घेता सगळी भाजी खाऊन गेला.

बाजाराच्या दिवशी एक गोंड बाई लाकडाची मोळी घेऊन उटनूरच्या रस्त्यानं यायची. तिलाही मावशी पाटावर बसवायची आणि किसनरावच म्हणायची. मी नवी होते, मला हसू आवरेना. "मावशी, बाई कशी काय किसनराव?"

"काऊन? तोंड नाही का तिले? त्याले पाह्यलं हाय ना तिनं? मोळी ओली हाय म्हनून दर बजाराले भांडे तो हिच्याशी. एवढं भांडते तं वयखत असनच ना."

तिचं शास्त्र तिचं होतं. ते असं, की ज्यानं किसनरावांना जित्तेपणी पाहिलं, त्याच्याच तोंडानं ते जेवणार. मग जात कोणती, भाषा कोणती, पुरुष की बाई, याच्याशी तिला घेणं नव्हतं. शेजारणी कुजबुजायच्या. मावशी ऐकू जाईल अशी म्हणायची, "नवरा माझा, भूक त्याची. तुमाले काय करा लागते?"

शुक्रवारी मात्र हाक उशिरा व्हायची. मी विचारलं तर म्हणाली, "आज सुट्टी हाय त्याले. आरामात जेवते." किसनराव तहसील कचेरीत कारकून होते. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारची. राज्य गेलं, सुट्टी रविवारवर गेली, अख्ख्या गावाची गेली. किसनरावांची नाही गेली. "त्याले रविवार कधी मानवलाच नाही," मावशी म्हणायची. "रविवारी घरात बसून मले सैपाक शिकवे."

बरं, ती वेडी होती का? छे हो. विहिरीवर कोणाची कळशी कोणी आधी लावली यात तिचा शब्द शेवटचा. कोणत्या म्हशीचं दूध पातळ आहे ते नुसत्या वासानं सांगायची. पुढे राज्याची पुनर्रचना झाली आणि कचेरीवरच्या उर्दू पाट्या जाऊन तेलुगू पाट्या लागल्या, तेव्हा गावातले शिकलेले लोक डोक्याला हात लावून बसले. मावशी पाटीखाली उभी राहून म्हणाली, "पयले बी वाचता येत नव्हतं, आता बी येत नाही. मले तं सारखीच दिसते."

आता माझीच एक फजिती सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचे हे अंगणाच्या पलीकडे, गोठ्यापाशी कोणाशी तरी बोलत उभे होते. स्वयंपाक झाला होता. मी चौकटीत उभी राहून बांगड्या वाजवल्या. ह्यांनी पाहिलं नाही. खाकरले. पाहिलं नाही. मग ताटावर पळी वाजवली, टण टण. आमच्या आईनं असंच बोलावलं बाबांना, मीही तशीच बोलावणार. तेवढ्यात मावशी कुठून आली कोण जाणे, माझ्या हातातली पळी तिनं हिसकून घेतली आणि भिरकावली ती थेट तुळशीपाशी.

"नाव घे त्याचं."

"अगं बाई, मावशी..."

"नाव नाही का त्याले? मायबापानं ठेवलं ना? मंग घे. मोठ्यानं."

मी घेतलं. ओठातल्या ओठात.

"हे चिमनीले बी आयकू नाही आलं. मोठ्यानं!"

मी डोळे मिटले आणि ओरडले. असं ओरडले की हे चप्पल सोडून धावत आले आणि धापा टाकत विचारू लागले, कुठं लागली आग? साप निघाला का? मी लाजेनं मेले. हे जेवायला बसले, पण त्या दिवशी माझ्याकडे सारखं बघत होते. आवडलं असावं त्यांना. पुन्हा मी घेतलं नाही ते सोडा.

जेवणं आटोपल्यावर मी मावशीकडे गेले, थोडी रागातच. ती जात्यापाशी बसली होती. मी काही बोलायच्या आधीच ती बोलायला लागली, नि मग थांबलीच नाही.

पहिल्या इलेक्शनचे दिवस होते. गल्लीतून मिरवणूक चालली होती, डफडी, सनई, आणि गावात पहिल्यांदाच आलेला तो भोंगा. किसनराव सकाळीच कचेरीत गेले होते, ते दुपारी जेवायला आले आणि मिरवणूक बघत समोरच्या कोपऱ्यावरच थांबले. मावशीनं ताट वाढलं. दारात येऊन पळी वाजवली. टण टण. डफड्यांपुढे कोणाला ऐकू येणार? पुन्हा वाजवली. त्यांची पाठ होती इकडे. मग गर्दी पुढे सरकली आणि गर्दीबरोबर तेही सरकले.

"नाव गळ्यापोतर आलं वं पोरी. दाताशी येऊन अडकलं. चार लोक काय म्हनतीन! म्या पुन्हा पळीच वाजवली. तो निंगून गेला. मले वाटलं, येईन. तो तिकडून तसाच कचेरीत गेला. खुर्चीवर बसला, भिंतीले टेकला, आन् संपला. दिवस मावळाच्या आत उचलून आनला त्याले. ताट तसंच होतं, झाकून ठेवलेलं. उपाशी गेला माहा नवरा. एका नावासाठी उपाशी गेला."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण रडलीही नाही. म्हणाली, "तवापासून म्या नाव सोडलं नाही. आन् त्यानं घास खाल्ल्याबिगर म्या खात नाही."

हे मात्र खरं होतं. कोणाच्या तरी तोंडानं किसनराव जेवले की मगच मावशी स्वतःसाठी भाकर मोडायची. एकभुक्त होती ती, दिवसातून तेवढंच जेवण. कोणी मिळालं नाही तर ताट गाईपुढे आणि मावशी पाण्यावर. आधी असं क्वचित व्हायचं, पावसाचा मोठा झडीचा दिवस असला तर. ओळखीच्या माणसांचा तुटवडा नव्हता ना! अख्खी कचेरी त्यांची, अख्खा बाजार त्यांचा.

मग राज्यांची वाटणी झाली.

तुम्ही पुस्तकात वाचलं असेल, भाषावार प्रांत, अमुक तालुका इकडे, तमुक तिकडे. आमच्या गल्लीत ते असं आलं, की एक-एक बैलगाडी सामान भरून जायला लागली. किनवट तिकडे गेलं, राजुरा तिकडे गेलं, आम्ही इकडेच, तेलुगू मुलखात राहिलो. ज्यांना मराठी-उर्दूशिवाय लिहिता येत नव्हतं ते कारकून नांदेडला बदली मागू लागले, कोणी चांद्याकडे गेले. त्यांच्या जागी नवी माणसं आली, चांगली माणसं, पण किसनरावांना त्यांनी कुठे पाहिलेलं? गोंड बाईचे पाय सुजायला लागले, तिची सून मोळी आणू लागली. शेटजी मंचेरियलला मुलाकडे जाऊन राहिला. मावशी दारात उभी राहून हाक मारायची, गल्लीत माणसं असायची, आणि पाट रिकामा राहायचा.

आठवड्यातून एक दिवस उपास, मग दोन दिवस, मग तीन. गळ्याची हाडं वर आली. एकदा विहिरीवर तिला घेरी आली, कळशीसकट बसलीच खाली.

मी म्हटलं, "मावशी, मी बसते पाटावर."

"तू पाह्यलं का त्याले?"

"नाही, पण तुमच्याकडून इतकं ऐकलंय..."

"आयकल्यानं पोट भरते का?"

मग मी एक लबाडी केली. कचेरीत नवा शिपाई आला होता, निजामाबादकडचा. त्याला पढवलं, की सांग, मी किसनरावांना लहानपणी पाहिलंय. कसे होते, काय होते, सगळं घोटून घेतलं त्याच्याकडून. मावशीनं त्याला पाटावर बसवलं, ताट पुढे केलं आणि विचारलं, "कोन्या कानाले भोक होतं त्याच्या?"

शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मी बघते ताटाकडे. "दोनों," तो म्हणाला.

मावशी म्हणाली, "जेव बाबा. भुका अससीन तं पोटभर जेव. पन किसनराव होऊ नोको." आणि स्वतः पाणी पिऊन पडून राहिली. आमचे हे म्हणाले, असंच चाललं तर ही पावसाळा काढत नाही. मलाही तेच दिसत होतं.

किसनरावांना नीट ओळखणारा गावात एकच माणूस उरला होता, आणि तो आमच्या गल्लीत दुपारचा कधी फिरकत नसे. कचेरीतले मुन्शीजी. किसनरावांच्या शेजारच्या खुर्चीवर सगळी नोकरी काढलेली. मेंदी लावलेली तांबूस दाढी, काळी शेरवानी, उन्हा-पावसात तीच एक छत्री. सकाळी भेटत, संध्याकाळी भेटत, मावशीला लांबून आदाब करत. दुपार झाली की मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जात. मावशीच्या ते लक्षात होतं. "मुन्शीजी माह्या दाराले भेते," म्हणायची. "एवढा दोस्त, पन एक दिवस माह्या नवऱ्याले घास नाही भरवला त्यानं."

त्यांचीही बदली झाली. नांदेडला. गाडी दुपारची होती, सामान आणि बायकामुलं टांग्यातून पुढे स्टेशनवर गेली होती, आणि आमच्या ह्यांचा निरोप घ्यायला म्हणून मुन्शीजी गल्लीत शिरले. त्याच वेळी मावशीची हाक झाली.

पळायला वेळच मिळाला नाही त्यांना.

"मुन्शीजी! इतके सालं माहं दार चुकवलं. आज सापडले. चला."

"भाभी, गाडी का वक्त हो गया..."

"गाडी जाईन आन् येईन. माहा मानूस भुका हाय."

मनगट धरून आणलं तिनं त्यांना. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. मुन्शीजी छत्री मांडीवर आडवी घेऊन पाटावर बसले, जणू कोर्टात बसलेत. मावशीनं वरण वाढलं आणि सुरू झाली. चपला झाल्या, मीठ झालं, घोरणं झालं. मग तिचा आवाज एकदम उतरला. हे तिनं आजपर्यंत पाटावरच्या कोणाला म्हटलं नव्हतं.

"त्या दिवशी म्या पळी वाजवली. तुमी वळून पाह्यलं नाही. उपाशी गेले तुमी, किसनराव."

मुन्शीजींचा घास हातातच राहिला. आणि मग, माझा कानावर विश्वास बसेना, हळू आवाजात म्हणाले, "उपाशी नाही गेलो."

आजवर पाटावरून उलट उत्तर कोणी दिलं नव्हतं.

"काय म्हनलं?"

"उपाशी नाही गेलो मी. जेवलो होतो." 'मी' म्हणाले मुन्शीजी, 'ते' नाही. पाटावरचा माणूस म्हणजे किसनराव, हा तिचाच नियम नव्हता का!

"कोठी जेवले?"

"मुन्शीच्या घरी. त्याच्या पोरीचं नाव ठेवायचं होतं. मिरवणुकीतून ओढून नेलं त्यानं मला."

मावशी पळी हातात धरून तशीच उभी. "काय होतं जेवाले?"

"बगारा भात. दालचा."

"दालच्यात काय ऱ्हायते?"

"भोपळा."

"भोपळाच?"

मुन्शीजींनी वर आढ्याकडे पाहिलं, खाली ताटाकडे पाहिलं. "भोपळाबी होता," म्हणाले.

दालचा म्हणजे मटण घातलेली डाळ, आणि किसनराव माळकरी होते हो! गळ्यात तुळशीची माळ, घरात कांद्यापलीकडे काही शिजत नव्हतं. मी तर दाराआड तोंडावर पदर दाबला.

"आन् माळ?" मावशीनं स्वतःच्या गळ्याला हात लावला. "गळ्यात माळ होती ना तुमच्या?"

"ती काढून कोटाच्या खिशात ठेवली. देवाला म्हटलं, तू जरा आत बस. माझं झालं की तुला बोलावतो."

मावशी मटकन खाली बसली. मला वाटलं, पुन्हा घेरी आली. मी धावले. तिनं मला हातानंच थांबवलं आणि मुन्शीजींना नाही, मला सांगितलं, "माळ खिशात सापडली होती वं. त्याले आनलं तवा. गळा रिकामा होता. कोनाले दिसायच्या आत म्या पुन्हा घातली. मले वाटलं, उपाशी राह्यला म्हनून माह्यावर राग काढला त्यानं. देव बी काढून ठेवला. इतके सालं म्या कोनाले सांगतलं नाही."

मुन्शीजी आता किसनराव राहिलेच नव्हते. डोळे पुसत होते. "भाभी, त्यांनी कसम घातली होती, घरी कळता कामा नये. आणि मग ते गेलेच. पोलीस ॲक्शननंतरचे ते दिवस तुम्हाला माहीत आहेत. लोक म्हणाले असते, मुन्शीच्या घरी खाल्लं आणि मेला. तुम्ही पण म्हणाल की काय... म्हणून मी दुपारचा इकडून जात नव्हतो. तुम्ही हाक मारता ती माझ्या घरापर्यंत येते भाभी. रोज येते."

मावशी त्यांच्याकडे एकटक बघत होती. मला भीती वाटली, आता ही काय बोलते. ती म्हणाली, "किती खाल्लं त्यानं?"

"दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा माझी घरवाली वाढायला आली, तर नको नको म्हणून ताटावर हात आडवा धरला." मुन्शीजींनी स्वतःच्या ताटावर हात धरून दाखवला. "असा. आणि मग बोटं फाकवली."

मावशी हसली. मी तिला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण असं नाही पाहिलं. पोटातून. पदर तोंडात धरला तरी थांबेना. "बोटं फाकवली! तोच. तोच तो. माह्या मायच्या घरी बी असाच करे, नाही म्हने आन् बोटं फाकवे!" हसता हसता रडली, रडता रडता हसली, आणि मग नाक पुसून उठली.

"भरल्या पोटानं गेला बाप्पा," ती म्हणाली. "बकरं खाऊन गेला." मग मुन्शीजींच्या ताटात गरम भाकर टाकली. "किसनराव उठले पाटावरून. आता तुमी बसा, मुन्शीजी. तुमी म्हनून जेवा. लांबचं जानं हाय."

आणि दुसरं ताट घेऊन स्वतः त्यांच्या समोर जेवायला बसली. मुन्शीजींनी पोटभर जेवून, घाम पुसत, छत्री उघडायची विसरून स्टेशन गाठलं. गाडी मिळाली त्यांना. उशिरा आली होती, नेहमीसारखी.

पुढे मावशीची हाक बंद झाली असं समजू नका. आंब्याच्या दिवसांत हाक मारायची, "किसनराव, रस केला हाय!" थंडीत चहाला बोलवायची. मन झालं की मारायची, नाही झालं तर नाही. आणि पाटावर कोणीही चालू लागलं. मीसुद्धा किती वेळा किसनराव झाले आणि कोणाच्या तरी चपलांवरून बोलणी खाल्ली! मावशी अंगानं भरली, मग तर विहिरीवर दोन कळशा एकदम ओढायची. मुन्शीजींकडून ईदेला निरोप यायचा, भाभीला सलाम आणि किसनरावांना पण.

पण मुन्शीजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

त्या दिवशी मी चुलीपाशी होते. वरण शिजलं, भात झाला, भाकरी थापायला घ्यायची तर म्हटलं, अजून वेळ आहे. आमचे हे शाळेतून यायचे होते, आले नाहीत. बराच वेळ गेला. मग शेजारीण डोकावली, तिचा नवराही आला नव्हता. ऊन अंगणातून सरकून पार गोठ्याच्या भिंतीवर चढलं. तेव्हा हे धावतपळत आले, त्यांच्या मागे कचेरीतले दोघं-तिघं, मागून आणखी कोणी. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. हे म्हणाले, "मावशी बरी आहे ना? आज हाक नाही आली."

तेव्हा कळलं हो आम्हाला. शाळेत मधली सुट्टी तिच्या हाकेवर होत होती. कचेरीतली माणसं तिच्या हाकेवर उठत होती. भाकरी आम्ही बायका तिच्या हाकेवर तव्यावर टाकत होतो. आणि कोणी कोणाला हे कधी बोललं नव्हतं.

सगळे तिच्या दारात गोळा झाले. आत जायची कोणाची छाती होईना. शेवटी मीच दार ढकललं.

मावशी बाजेवर झोपली होती. तोंड उघडं, हात पोटावर, घोरत होती. चुलीजवळ उष्टं ताट, एकच, चाटून पुसून लखलखीत केलेलं. मी हलवलं तर एक डोळा उघडला, दारातली एवढी माणसं पाहिली आणि वैतागली.

"काय झालं? कोन मेलं?"

"मावशी, आज हाक नाही मारली?"

"त्याचं पोट भरलेलं हाय. कायले उठवू?" आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

त्या दुपारी आमची अख्खी गल्ली उपाशी होती. जेवलेली ती एकटीच.